पाण्याखालचा पहिला कॅमेरा



मी बंगळूरच्या उत्तरेकडच्या येलहंक्यातून बोलतेय. मूळची मिरजेची. कृष्णेच्या काठची माणसं आम्ही, त्यामुळे पोहता येत होतं. पण समुद्र म्हणजे सहलीला जाऊन पायापुरता भिजवायचा, एवढाच संबंध. नोकरीनं येलहंक्यात आणलं, आणि इथं, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या पठारावर राहून मी आणि माझा नवरा स्कुबा शिकलो. गंमत आहे खरी.

आजचा विषय: स्कुबा नुकतंच शिकलेल्या माणसानं पाण्याखालचा पहिला कॅमेरा कसा निवडावा. मालवणला पहिल्यांदा स्कुबा करून आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये एक क्लिप असते. आपण पाण्यात, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि मागून कुणीतरी आपल्याला धरलेलं. ती क्लिप दुसऱ्यानं काढलेली असते. त्यानंतर ज्याला हा नाद लागतो, तो रीतसर कोर्स करतो, आणि मग लगेच पुढचा प्रश्न येतो: "कॅमेरा कुठला घेऊ?"

मी मॉडेलांची यादी वाचून दाखवणार नाही. दरवर्षी नवं मॉडेल येतं, किमती बदलतात. न बदलणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पाणी. तेव्हा पाण्यापासून सुरुवात करू.

येलहंक्याला हवाई दलाचा तळ आहे आणि १९९६ पासून इथं एरो इंडिया भरतं. त्या दिवसांत आमच्या भागातल्या गच्च्यांवर हातभर लांबीच्या लेन्स घेऊन माणसं उभी असतात. विमान दोन किलोमीटर लांब असलं तरी झूम करून वैमानिकाचं हेल्मेट टिपतात. ही जमिनीवरची फोटोग्राफी. इथली एक सवय म्हणजे लांबच्याला झूम करायचं. दुसरी, चौकटीत मावत नसेल तर दोन पावलं मागं यायचं. आणि तिसरी, बटण दाबताना हात हलू नये म्हणून श्वास रोखायचा.

पाण्याखाली या तिन्ही सवयी उलट्या करायच्या असतात. पहिल्या दोन मोडल्या नाहीत तर फोटो बिघडतो. तिसरी मोडली नाही तर जीव जाऊ शकतो.

पहिली सवय घेऊ. झूम का चालत नाही? पाणी प्रकाश खातं, आणि सगळे रंग सारखे खात नाही. आधी लाल जातो. सूर्यप्रकाशातला लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच बहुतेक संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरतो निळा-हिरवा. हे फक्त खोलीनं होत नाही, अंतरानंही होतं. तुम्ही १० मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून ३ मीटरवर आहे, तर सूर्याचा प्रकाश १३ मीटर पाणी पार करून तुमच्या लेन्सपर्यंत येतो. झूम केलंत तर मासा मोठा दिसेल, पण मधलं ३ मीटर पाणी तसंच राहील. त्यातली माती, वाळू, शेवाळाचे कण, सगळं मोठं होऊन येईल. म्हणून पाण्याखालच्या फोटोग्राफीचा पहिला नियम: मधलं पाणी कमी करा. जवळ जा, आणि जवळून रुंद दिसेल अशी लेन्स वापरा. म्हणजे चौकटीसाठी मागं सरायची दुसरी सवयही आपोआप सुटते.

इथं आपले डोळेही फसवतात. मास्कच्या सपाट काचेतून, प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, म्हणून ४ फुटांवरचा मासा ३ फुटांवर असल्यासारखा दिसतो आणि तितकाच मोठाही वाटतो. नवख्याला वाटतं, "पुरेसा जवळ आलो." तो अजून लांबच असतो.

आता तिसरी सवय, श्वास रोखणं. स्कुबाच्या पहिल्या दिवशी पहिला नियम शिकवतात: श्वास कधीही रोखू नका. कारण साधं आहे. दर १० मीटर पाण्यामागे दाब एका वातावरणानं वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट. तिथं छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून तुम्ही वर आलात, तर तिचं आकारमान वाढत जातं, वर पोचेपर्यंत दुप्पट. फुप्फुस फुग्यासारखं ताणलं जातं आणि फाटू शकतं. उथळ पाण्यातला एक-दोन मीटरचा चढही यासाठी पुरतो. ज्याला जमिनीवर वर्षानुवर्षं श्वास रोखून क्लिक करायची सवय आहे, त्याच्या हातात कॅमेरा आला की ही सवय न सांगता परत येते. म्हणून चांगला छायाचित्रकार असणं हे पाण्याखाली शिकताना थोडं धोक्याचंच. फोटो काढायचा तो सावकाश उच्छ्वास सोडताना, बुडबुडे चालू असताना. बुडबुड्यांच्या आवाजानं मासा पळाला तर पळू द्या.

मी हिशेबाच्या कामातली बाई, म्हणून एक हिशेब मांडते. १२ लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरली, की त्यात साधारण २४०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला १८०० लिटर. समजा एखाद्याला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. म्हणजे ४५ मिनिटं. १८ मीटरवर, जी ओपन वॉटर कोर्स केलेल्यांची मर्यादा आहे, तिथं मिनिटाला ५६ लिटर, म्हणजे ३२ मिनिटं. आता हाच माणूस कॅमेरा घेऊन कासवाच्या मागं लागला, जोरजोरात पाय मारू लागला आणि त्याचा श्वास दुप्पट झाला, तर १६ मिनिटं. आणि या १६ मिनिटांत तो हवेच्या मीटरकडे बघत नाही, कारण तो स्क्रीनकडे बघतोय. नवख्याच्या हातातल्या कॅमेऱ्याचा खरा खर्च हा आहे.

म्हणून माझ्या प्रशिक्षकानं आम्हा दोघांना सांगितलं होतं, "कॅमेऱ्याआधी तीन परीक्षा." त्या मी तुम्हालाही देते.

पहिली परीक्षा बॉयन्सीची, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली, अधांतरी स्थिर राहण्याची. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबतात, त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. ती ३ मिनिटं दोरी न धरता, हात न हलवता, फक्त श्वासावर अर्ध्या मीटरच्या आत राहता येतं का? दुसरी: कुणीही अचानक विचारलं तर मीटर न बघता तुम्हाला तुमची हवा अंदाजे सांगता येते का? तिसरी: तुमचा बडी, म्हणजे जोडीदार, आत्ता कुठे आहे हे मान न वळवता माहीत आहे का? तिन्हींना "हो" असेल तर कॅमेरा. एकालाही "नाही" असेल तर त्या पैशात आणखी डाइव्ह करा. आमच्या घरी हे ठरलेलं आहे: ज्याच्या हातात कॅमेरा, त्याच्यावर दुसऱ्याची नजर, आणि डाइव्हचा अर्धा वेळ झाला की कॅमेरा क्लिपला अडकवून दोघांनीही नुसतं बघायचं.

बॉयन्सीचा संबंध फक्त आपल्याशी नाही. स्थिर राहता न येणारा माणूस फोटोसाठी हात टेकतो, गुडघा टेकतो, आणि खाली असतं प्रवाळ. ढेकळासारखं दिसणारं पोवळं हा जिवंत प्राण्यांचा समूह असतो. मोठ्या गोलसर जाती वर्षाला साधारण एखाद सेंटीमीटर वाढतात. तुमच्या गुडघ्याखाली गेलेला वीतभर भाग म्हणजे वीसेक वर्षं. आपल्याकडे रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तेव्हा "फोटोच तर काढत होतो" हे उत्तर चालत नाही.

आता खरेदीकडे येऊ. सोयीसाठी चार वाटा सांगते.

पहिली वाट, फोन. फोनवर आय.पी. ६८ लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं, झालं काम. ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली, ठरावीक खोलीची आणि ठरावीक वेळेची असते. समुद्र खारा, हलता, आणि आपण जाणार १२ किंवा १८ मीटर. त्यामुळे उघडा फोन अजिबात नको, आणि गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी ही स्कुबासाठी नाहीच. फोनसाठी पक्की हाउसिंग मिळतात. सीलाइफ कंपनीचं स्पोर्टडायव्हर ४० मीटरपर्यंतचं आहे. फोटो चांगले येतात. पण विचार करा, परमुलखात तुमची तिकिटं, पैसे, घरच्यांचे नंबर, सगळं त्या एका वस्तूत आहे. ती समुद्रात घेऊन जायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी नेत नाही. जुना, सिमकार्ड नसलेला फोन असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी वाट, ॲक्शन कॅमेरा, म्हणजे गोप्रोसारखा. अलीकडचे गोप्रो नुसते १० मीटरपर्यंत चालतात. वेगळं हाउसिंग लावलं की ६० मीटर. इथं लोक गफलत करतात. "वॉटरप्रूफ आहे" असं ऐकून हाउसिंग घेत नाहीत, आणि डाइव्ह १४ मीटरची निघते. हाउसिंग हवंच. हा कॅमेरा छोटा, एका हातात मावणारा, रुंद दिसणारा, एकदा बटण दाबलं की विसरता येणारा. म्हणून नवख्यासाठी सुरक्षिततेच्या दृष्टीनं उत्तम. दुबळी बाजू अशी, की वीतभर अंतरावरचं बारीक काही टिपायला गेलात तर धूसर येतं.

तिसरी वाट, छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग. ऑलिंपसचा टी.जी. ६ आणि २०२३ मध्ये ओ.एम. सिस्टिम या नावानं आलेला टी.जी. ७ हे या वर्गातले सगळ्यांत जास्त दिसणारे. नुसते १५ मीटरपर्यंत, कंपनीच्या हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत. यांची खासियत म्हणजे लेन्सपासून एका सेंटीमीटरवरची वस्तूही स्पष्ट येते. न्युडिब्रँक नावाची शंख नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय असते, नखाएवढी. तिचा फोटो काढायचा असेल तर ही वाट. शिवाय रॉ फाइल मिळते, तिच्यात रंग नंतर बरेच सावरता येतात. याच किमतीच्या आसपास कायमचे बंद केलेले कॅमेरेही येतात. सीलाइफचा मायक्रो ३.० उघडतच नाही. आत ६४ जी.बी. मेमरी, ६० मीटरपर्यंत. झाकण नाही म्हणजे झाकण नीट न लागण्याची भीतीही नाही. पण बॅटरी बदलता येत नाही.

चौथी वाट, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, त्याचं धातूचं हाउसिंग, पुढं घुमटासारखी काच, दोन बाजूंना दोन फ्लॅश. ती आजची नाही. पन्नासेक डाइव्ह झाल्यावर बघू.

यातली कुठली निवडायची? कॅमेऱ्याच्या आधी, तुम्ही कुठल्या पाण्यात जाणार ते लिहा. आम्हा बंगळूरकरांचं जवळचं ठिकाण म्हणजे मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट. तुम्हा कोकणातल्या, कोल्हापूर-बेळगावच्या मंडळींना मालवण-तारकर्ली, जिथं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्रही आहे. गोव्यात ग्रँड आयलंड. आपल्या पश्चिम किनाऱ्याचं पाणी अनेकदा हिरवट आणि कणांनी भरलेलं असतं. अंदमानचं त्या मानानं निळं आणि स्वच्छ. कणांच्या पाण्यात लांबचे देखावे येत नाहीत. तिथं बारीक, जवळच्या गोष्टींचा कॅमेरा जास्त कामाचा. स्वच्छ पाण्यात रुंद ॲक्शन कॅमेरा खुलतो. म्हणजे मालवण-नेत्राणीला वारंवार जाणाऱ्याला तिसरी वाट, आणि वर्षातून एकदा अंदमानला जाऊन घरच्यांना व्हिडिओ दाखवणाऱ्याला दुसरी. आमच्याकडे नवरा दुसऱ्या वाटेनं गेला, मी तिसऱ्या. घेण्याआधी दोन्ही प्रकार भाड्यानं वापरले. बऱ्याच डाइव्ह सेंटरवर भाड्यानं मिळतात, आधी विचारून घ्या.

कॅमेऱ्यानंतर दिवा. लाल रंग पाण्यानं खाल्ला, तो परत आणायचा तर उजेड बरोबर न्यावा लागतो. ही अडचण जुनी आहे. १८९३ मध्ये लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं पाण्याखाली फोटो काढले, तेव्हापासून सगळी खटपट दोनच गोष्टींसाठी झाली: पाणी कॅमेऱ्याबाहेर ठेवायचं आणि उजेड पाण्यात न्यायचा. १९२७ च्या जानेवारीत नॅशनल जिओग्राफिक मासिकात पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो छापून आले. त्यासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड केला होता. आपल्याला मुठीएवढा व्हिडिओ लाइट पुरतो.

तो लावायचा कुठं, हे महत्त्वाचं. पहाटे नंदी हिल्सला गाडीनं जाताना धुकं लागतं. तिथं हायबीम मारला की समोर पांढरी भिंत. पाण्यातही तसंच. दिवा लेन्सला चिकटून असला तर मधल्या कणांवर उजेड पडून फोटोभर पांढरे ठिपके येतात. म्हणून कॅमेरा एका पट्टीवर बसवायचा आणि दिवा दांडीवर, हातभर बाजूला, किंचित बाहेर वळवून. दिवा नसेल तर लाल फिल्टर साधारण ३ ते १५ मीटरमध्ये, भर उन्हात उपयोगी पडतो. हिरव्या पाण्यासाठी किरमिजी फिल्टर येतो. पण फिल्टर आणि दिवा एकाच वेळी नको, फोटो लालभडक होतो.

किमतीचे आकडे न देता मी क्रम देते. आधी स्वतःचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क. मग डाइव्ह कॉम्प्युटर, कारण तो तुमची खोली आणि वेळ सांगतो. त्यानंतर कॅमेरा आणि हाउसिंग, ही एकच वस्तू समजा. हाउसिंग न मिळणारा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी नको. मग कॅमेरा जाकिटाला अडकवायची दोरी आणि क्लिप, म्हणजे गरज पडली तर दोन्ही हात मोकळे. सगळ्यात शेवटी दिवा. बजेट पुरत नसेल तर खालून कापत या, वरून नाही.

आता जपणूक. हाउसिंगचा जीव म्हणजे ओ-रिंग, ते रबराचं वर्तुळ. त्यावर एक केस, वाळूचा एक कण आला तरी पाणी शिरतं. माझे केस लांब, म्हणून मी ते बांधूनच हाउसिंग बंद करते, तेही आदल्या रात्री ए.सी.च्या खोलीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून. दमट हवा आत कोंडली तर पाण्याच्या गारव्यानं काच आतून धुरकटते. नवं हाउसिंग आधी रिकामं, आत टिश्यू पेपर ठेवून खाली न्या. टिश्यू कोरडा आला तरच पुढच्या वेळी कॅमेरा आत. डाइव्ह झाल्यावर बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबा, नाहीतर मीठ वाळून बटण अडकतं. बोटीवर उन्हात ठेवू नका. विमानानं जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटरी केबिन बॅगेत. चेक-इन सामानात चालत नाहीत.

आणि समजा, सगळी काळजी घेऊनही १५ मीटरवर हाउसिंगमध्ये पाणी दिसलं, तर काय करायचं? काही नाही. बडीला खूण करायची आणि नेहमीच्याच गतीनं, मिनिटाला ९ मीटरच्या आत, सेफ्टी स्टॉप करून वर यायचं. त्या मिनिटाला हात आपोआप वर धाव घेतो, कारण पैसे बुडताना दिसत असतात. तेव्हा हे आधीच मनाशी पक्कं करा: कॅमेरा पाण्यात शिरला त्या क्षणी त्याचे पैसे खर्ची पडले. हाती परत आला तर नफा. ज्याला असं समजून चालता येत नाही, त्यानं तेवढा महाग कॅमेरा घेऊ नये.

एक गोष्ट पठारावर राहणाऱ्यांसाठी. डाइव्हनंतर विमानप्रवासाआधी थांबावं लागतं, हे सगळे सांगतात. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. पण रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला विमान आणि घाट यातला फरक कळत नाही. विमानाचा तो सल्ला साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होतो, आणि आमचं घर त्याहून वर आहे. म्हणून मुरुडेश्वरहून आम्ही त्याच संध्याकाळी गाडी काढत नाही. रात्र तिथंच काढतो. कॅमेरा धुतो, फोटो बघतो, शंभरातले नव्वद पुसतो. पुणेकर, बेळगावकर मालवणहून घाट चढून परततात, त्यांनीही आपल्या गावाची उंची बघून प्रशिक्षकाला हे जरूर विचारावं.

पावसाळ्यात हे किनारे बंद असतात. ते महिने तयारीला चांगले. जवळच्या तलावात मास्क लावून अधांतरी राहण्याचा सराव करा; कॅमेऱ्याऐवजी हातात एक पाटी धरून. पाटी धरून ३ मिनिटं स्थिर राहता आलं, की ऑक्टोबरात बोटी सुरू होतील तेव्हा तुम्ही कॅमेऱ्यासाठी तयार असाल.

एवढंच सांगायचं होतं.